काठापदराचं पत्र

माझा थोरला भाऊ कायदेभंगाच्या पहिल्या चळवळीत सहा महिने तुरुंगात होता. त्याच्या पहिल्या पत्रासोबत आमच्या घरी एक छापील चिठ्ठी आली. कैद्याला पत्र कसं लिहावं, हे तिच्यावर वर इंग्रजीत आणि खाली मराठीत दिलं होतं. मी नुकतीच सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. वडील आधीच वारले होते आणि आईला अक्षरओळख नव्हती. त्यामुळे पत्रं लिहिण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

चिठ्ठी मी दोनदा वाचली, तरी पहिलं पत्र परत आलं. एकच कागद चालतो असं लिहिलेलं असताना मी दोन घातले होते. दुसऱ्या पत्राच्या पाकिटात आईने मला न सांगता देवाचा अंगारा पुडीत बांधून टाकला. तेही परत आलं आणि वर लाल शाईत शेरा होता की पत्राखेरीज आत काही असू नये. तिसरं पत्र पोचलं, पण त्यातल्या चार ओळींवर काळी शाई फिरवली होती, हे भावाने सुटून आल्यावर सांगितलं. 'तुझी मित्रमंडळी येऊन चौकशी करून जातात' एवढंच मी त्या ओळींत लिहिलं होतं. बाहेरच्या माणसांचा उल्लेख करायचा नाही, बाजाराबद्दल लिहायचं नाही, गावात काय चाललंय ते तर नाहीच नाही. कैद्याचं नाव, त्याचा नंबर, लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता हे सगळं मात्र हवं.

चौथ्या पत्रापासून मी विहिरीचं पाणी, आईचा गुडघा आणि उन्हाळा यांच्याबद्दल लिहू लागले. ती पत्रं बिनबोभाट पोचली. भाऊ सुटून आल्यावर मला म्हणाला, "तुझी पत्रं म्हणजे पंचांग. आज तिथी कुठली आणि ऊन किती." त्याने ते गमतीने म्हटलं होतं. मला राग आला.

आम्ही राहत होतो ती गल्ली विणकरांची होती. आमच्या दोन खोल्यांच्या समोरच्या घरात दोन हातमाग होते. घरात म्हातारा सासरा, मुलगा, सून आणि मुलाची धाकटी बहीण अशी माणसं होती. आपसात ती तेलुगू बोलत आणि आमच्याशी मराठी. सून माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी होती. मी तिला अक्का म्हणे आणि ती मला बाई. पहाटे समोरच्या मागावर धोट्याचा आवाज सुरू झाला की आमच्या घरात चहाचं आधण चढायचं. घड्याळाची आम्हाला कधी गरज पडली नाही.

दुसऱ्या चळवळीच्या सुरुवातीला, थंडीच्या दिवसांत, अक्काचा नवरा एका मिरवणुकीत पकडला गेला. हा माणूस कुठल्या सभेत फारसा दिसलेला मला आठवत नाही. मितभाषी होता. मागावरून उठला, हातपाय धुतले, टोपी घातली आणि गेला, असं अक्का सांगे. त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. तुरुंग दूर होता. आगगाडीने जायचं, मुलाखतीसाठी दिवसभर फाटकाशी बसायचं, हे त्या घराला झेपणारं नव्हतं.

पंधरा-वीस दिवसांनी अक्का आमच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात तीच छापील चिठ्ठी होती.

"बाई, तुमच्या भावाला पत्र तुमीच लिहीत होता न्हवं? आमच्या ह्यांना लिवा की एक."

तिला लिहिता येत नव्हतं. नवऱ्याला वाचता येत होतं, पण फक्त तेलुगू. चिठ्ठीत लिहिलं होतं की अधिकाऱ्यांना अवगत नसलेल्या भाषेतलं पत्र भाषांतरासाठी पाठवलं जाईल आणि त्याला विलंब लागेल. विलंब म्हणजे किती, हे माझ्या भावाला ठाऊक होतं. त्याच्याबरोबरच्या एका कैद्याला घरून आलेलं कानडी पत्र तो कैदी सुटला तरी त्याला मिळालं नव्हतं. तेव्हा मराठीत लिहायचं ठरलं. तिथे त्याला कोणीतरी वाचून दाखवील असं आम्ही गृहीत धरलं.

आणखी एक फरक होता. माझा भाऊ शिकलेला, म्हणून त्याला वरच्या वर्गात ठेवलं होतं आणि महिन्याला एक पत्र मिळे. विणकराला तिसरा वर्ग. तीन महिन्यांतून एकच पत्र आत जाणार आणि एकच बाहेर येणार. अक्काला हे सांगितलं तेव्हा तिने बोटांवर मोजून पाहिलं. "म्हंजे सहा," ती म्हणाली आणि खाली बसली.

पहिली दोन पत्रं सरळ गेली. मी भावासाठी शिकलेली सगळं शहाणपण त्यांत वापरलं. उत्तरंही आली, कोणा साताऱ्याकडच्या कैद्याच्या गोल अक्षरात. त्या माणसाला हैदराबादेकडच्या नोकरीमुळे तेलुगू येत होतं. अक्का बोलायची, मी मराठीत उतरवायची, तुरुंगाचा अधिकारी वाचायचा, मग तो सातारकर वाचून तेलुगूत सांगायचा. इतक्या हातांतून गेलेल्या मजकुरात शेवटी काय उरत असेल, असा विचार माझ्या मनात यायचा. अक्काच्या मनात तो येत नसावा.

तिसऱ्या पत्राच्या वेळी लुगड्याचा प्रश्न उभा राहिला.

अक्काच्या नणंदेचं लग्न माघात ठरलं होतं. तिच्यासाठी अक्काच्या नवऱ्याने स्वतः लुगडं विणायला घेतलं होतं आणि दोनेक हात विणून झालं असताना त्याला पकडलं. तेव्हापासून त्या मागावर जुनं धोतर पांघरलेलं होतं. म्हातारा आपल्या मागावर पंचे विणायचा. त्याला मोतीबिंदू झाला होता. पंचे तो हाताच्या सवयीने काढी, पण काठाची नक्षी त्याला दिसत नसे. विणलेल्या भागात काठ समोर होता, तो पाहून पुढे नेता आला असता. पदर कसा घ्यायचा, हे मात्र फक्त नवऱ्याच्या डोक्यात होतं. त्याने कागदावर काही काढून ठेवलं नव्हतं.

"त्यांना विचारू," अक्का म्हणाली. "काठ असा असा हाय, पदर कसा घिऊ, म्हणून."

एका रविवारी ती मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्याशी वाकून बसली आणि सुईच्या टोकाने धागे मोजू लागली. मी शेजारी दौत-टाक घेऊन बसले. ती तेलुगूत मोजायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. गल्लीत राहून मला तेलुगू आकडे कळत होते, निदान कळतात असं वाटत होतं. मी लिहीत गेले. हिरवे चोवीस, पांढरे आठ, नारिंगी चाळीस, पांढरे आठ, मग पुन्हा हिरवे. खाली लिहिलं की पदराला हेच घ्यावं की वेगळं, आणि कुठून सुरू करावं, ते कळवावं.

पत्र टाकलं त्यानंतर दिवाळी गेली. उत्तर आलं नाही. त्याऐवजी एक शिपाई भर दुपारी आमच्या शाळेत आला.

मी चौथीला भूगोल शिकवत होते. शिपायाने दारातूनच माझ्या नावाचा कागद पुढे केला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पोलीस कचेरीत हजर राहायचं होतं. मोठ्या बाईंनी मला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही काय लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"लुगड्याच्या काठाबद्दल."

त्यांनी रजेचा अर्ज लिहून द्यायला सांगितलं. कारण काय लिहू, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरगुती."

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "मी येतो बरोबर."

"तू नको. तू आलास तर पत्राला वेगळाच अर्थ येईल."

हे त्याला पटलं, पण लागलंही असावं. समोरच्या घरी कळताच म्हातारा उठून आला. आमच्या दाराची चौकट हाताने चाचपत म्हणाला, "पोरी, पत्र आमच्या घरचं. म्या येतो. सून पन येईल."

कचेरीत फौजदार होता तो चाळिशीचा, अंगाने बारीक, पुण्याकडची भाषा बोलणारा. त्याने आम्हाला बाकावर बसवलं. समोर माझं पत्र होतं. हिरवे, पांढरे, नारिंगी या तिन्ही शब्दांखाली कोणीतरी रेघा मारल्या होत्या. आकड्यांभोवती गोल काढले होते.

"हे तीन रंग कशाचे, ते मी तुम्हाला सांगायला नको," तो म्हणाला.

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. झेंड्याचे रंग मला ठाऊक होते आणि काठाचे रंगही मीच लिहिले होते. दोन्ही एकच आहेत हे मला दिसलं नव्हतं. नवऱ्याने ते रंग मुद्दाम घेतले होते का, हा प्रश्नही मला तिथे बाकावर बसल्यावर पडला. मी अक्काकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"हे लुगड्याचे धागे आहेत," मी म्हटलं.

"असतील. मग आकडे कशाचे? चोवीसजण कुठे जमायचे, आठ कुठे, चाळीस कुठे?"

"साहेब, धागं हाईत ते," म्हातारा म्हणाला. "येऊन मोजा की. मागावर लुगडं हाय."

"इथे घेऊन या."

"कापून आनावं लागंल. अर्धं लुगडं कापलं तर पोरीचं लगीन कशात करू?"

फौजदाराने पत्र घडी करून खणात टाकलं. मग म्हणाला, "उद्या सकाळी येतो. मागाला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तो सायकलवरून आला. बरोबर एकच शिपाई होता. गल्लीतले सगळे माग बंद पडले आणि प्रत्येक दारात माणसं उभी राहिली. म्हाताऱ्याने मागावरचं धोतर काढलं. फौजदाराने बूट काढून ठेवले आणि खड्ड्याच्या कडेला बसकण मारली. अक्काने त्याच्या हातात सुई दिली. तो काठावर वाकून, ओठ हलवत मोजू लागला. हिरवे चोवीस निघाले. पांढरे आठ निघाले. मग त्याने सुई थांबवली, पुन्हा मागे गेला, पुन्हा मोजलं.

"नारिंगी चार आहेत," तो म्हणाला. "पत्रात चाळीस का?"

अक्काने त्या धाग्यांवर बोट ठेवून हलक्या आवाजात मोजलं आणि शेवटी म्हणाली, "नालुगु."

तेव्हा उलगडा झाला. नालुगु म्हणजे चार. चाळीसला नलभै म्हणतात. त्या रविवारी मी एकाच्या जागी दुसरं ऐकलं होतं.

"चूक माझी," मी म्हटलं. "मला तेलुगू नीट येत नाही."

"शाळेत गणित शिकवता का?" फौजदाराने विचारलं.

"भूगोल."

तो हसला नाही. बूट घालत त्याने सांगितलं की हे काठाचं वर्णन आहे असा शेरा तो लिहून पाठवील आणि हे पत्र त्या तीन महिन्यांच्या हिशेबात धरू नये असंही सुचवील. पण आकडे असलेलं पत्र तुरुंगात जाणार नाही. रंगांची नावंही नकोत. "तिथला अधिकारी काही मोजायला इथवर येणार नाही," तो म्हणाला. एवढं बोलून तो गेला. गल्लीतले माग एकेक करून पुन्हा सुरू झाले.

आता प्रश्न असा की आकडा आणि रंग वगळून लुगड्याबद्दल विचारायचं कसं. मी दोन-तीन मसुदे केले. एकही मलाच कळेना. म्हातारा भिंतीला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "त्येच्या आईचं लुगडं इचार."

अक्काच्या सासूचं एक लुगडं पेटीत होतं. म्हाताऱ्यानेच लग्नानंतरच्या वर्षी विणलेलं. ती वारल्यावर ते कोणी नेसलं नव्हतं. अक्काने ते काढून उलगडलं. पदरावर तीन पट्टे होते. मधला रुंद, बाजूचे अरुंद.

मग मी लिहिलं, "घरी सर्व कुशल. तुमच्या बहिणीचं लग्न माघात आहे. तिचं लुगडं पुरं करायचं मनात आहे. पदर तुमच्या आईच्या लुगड्याच्या पदरासारखा घ्यावा, की दुसरा, ते सांगावं. मामंजींना दिसत नाही. मागावर कोणाला बसवावं तेही सांगावं." त्यात हरकत घेण्यासारखं तुरुंगाला काही सापडलं नसावं.

उत्तर पौषात आलं. त्याच गोल अक्षरात. "आईच्या लुगड्याचाच पदर घ्या. शेवटचा पट्टा बोटभर रुंद करा, म्हणजे चालताना उठून दिसेल. दुसऱ्या कोणाला बोलावू नका. मागावर तू बस."

शेवटचं वाक्य मी वाचलं. त्या घरात बायका सूत उकलत, कांड्या भरत, खळ लावत. मागावर पुरुषच बसत. नणंद वडिलांकडे पाहू लागली. म्हाताऱ्याने मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. संध्याकाळी त्याने मागावरचं धोतर काढलं, खड्डा झाडून घेतला आणि अक्काला हाक मारली.

पहिले चार दिवस धोटा खाली पडल्याचेच आवाज येत होते. म्हातारा शेजारी बसून कानाने विणकाम तपासायचा. "फनी जोरात मारलीस. हळू," असं म्हणायचा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून आवाजाला लय आली. माझी आई चुलीपाशी बसून म्हणाली, "आज दोन्ही माग चाललेत." लग्नाच्या आधी आठ दिवस लुगडं मागावरून उतरलं. पदराचा एक पट्टा किंचित तिरपा गेला होता. नणंदेने तोच पदर खांद्यावर घेऊन मांडवात सगळ्यांना नमस्कार केला. पंगतीत बायका काठाकडे बघत होत्या, पण रंगांबद्दल कोणी उघड काही बोललं नाही.

त्यानंतर मी आणखी दोन पत्रं लिहिली. एक फाल्गुनात, लग्न पार पडल्याचं. दुसरं ज्येष्ठात. त्यांची उत्तरं आली नाहीत. पत्रं परत आली नव्हती, म्हणजे पोचली असणार, असं मी अक्काला सांगत राहिले.

आषाढात तो सुटून आला. पहिले दोन दिवस घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी अक्काने मला बोलावलं. तो ओसरीवर बसला होता. बराच वाळला होता आणि डोक्यावरचे केस बारीक कापलेले होते. त्याने कनवटीची एक फडक्याची पुरचुंडी सोडली. आत माझी दोन्ही पत्रं होती.

"वाचून दाखवणारा माणूस पौषात सुटला," तो म्हणाला. "नंतर आमच्या बराकीत तेलुगू जाणणारा कोनी न्हवता. मराठी दुसऱ्यानं वाचली असती. पर मराठी सगळ्या बराकीला कळती. घरातलं, कुनाकुनाला ऐकवायचं? तसंच ठिवलं. बाई, आता वाचा."

मी फाल्गुनातलं पत्र वाचलं. लग्न, जेवणं, तिरपा गेलेला पट्टा. तो ऐकत होता. पट्ट्याचं ऐकून त्याने अक्काकडे पाहिलं. ती आत सूत उकलत बसली होती. "दिसत न्हाय कुनाला," ती आतून म्हणाली.

मग ज्येष्ठातलं पत्र उघडलं. त्यात काय आहे ते मला चांगलं आठवत होतं. पावसाचं, म्हाताऱ्याच्या डोळ्याचं आणि मग ती ओळ. ती लिहून घेताना अक्का माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी त्या ओळीशी आले आणि थांबले. तिला वाटत होतं की हे त्याला केव्हाच कळलंय. मलाही तसंच वाटत होतं. आता तो समोर होता, ती आत होती, आणि मधे मी.

"पुढं काय लिवलंय?" त्याने विचारलं.

मी आत पाहिलं. सुताचं चाक थांबलं होतं.

"वाचा, बाई," अक्का म्हणाली.

मी वाचलं. "तुम्ही निघालात त्या सकाळी मी बोलले ते रागात बोलले. परत येऊ नका म्हणाले. ते मनात ठेवू नये. लवकर यावं."

मग त्याने माझ्या हातातून पत्र घेतलं, घडीवर घडी घातली आणि पुन्हा फडक्यात बांधलं. अक्काशी तो तेलुगूत काहीतरी बोलला. वाक्य लहान होतं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. आतून तिचंही उत्तर लहानच आलं आणि चाक पुन्हा फिरू लागलं. मी उठले आणि गल्ली ओलांडून घरी आले.